केंट ब्रॉकमन बावळट आहे की मतलबी?

रातकिडा: ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे जुने सीझन बघतोय. होमर-बार्ट हे बापलेक आवडतातच, पण मला चॅनेल ६ वर बातम्या देणाऱ्या केंट ब्रॉकमनची वाट बघायची सवय लागलीय. अंतराळातल्या मुंग्यांचा भाग पाहिल्यापासून डोक्यात एकच: हा लेखकांनी बावळट म्हणून लिहिलाय की पक्का मतलबी म्हणून? आणि कुणा खऱ्या अँकरवर बेतलाय का?

कोरा_कागद: मतलबी, शंकाच नको. तुम्ही म्हणताय तो १९९४ चा ‘डीप स्पेस होमर’. यानात मुंग्यांची पेटी फुटते, एक मुंगी तरंगत कॅमेऱ्याच्या तोंडाशी येते आणि पडद्यावर राक्षसाएवढी दिसते. यान महाकाय मुंग्यांनी काबीज केलं, असं ब्रॉकमन ठरवून टाकतो. इथवर बावळटपणा म्हणा हवं तर. पण लगेच तो नव्या धन्यांचं स्वागत करतो आणि वर सुचवतो की, त्यांच्या भूमिगत साखरगुहांसाठी माणसं गोळा करायला आपल्यासारखा ओळखीचा चेहरा कामी येईल! खरी कमाल आवाजाची आहे. भीती नाही, लाज नाही. बातमी वाचतानाचा तोच भारदस्त सूर. त्याला आवाज देणारा हॅरी शिअरर तो जराही ढळू देत नाही. मग यान सुखरूप असल्याचं कळतं, हा सारवासारव करतो आणि मागे लावलेला मुंग्यांच्या जयजयकाराचा फलक काढून टाकतो. तेवढ्या वेळात फलकसुद्धा तयार होता, हे मला फार आवडतं.

टेकडीवरचा: बेतलाय, लॉस एंजेलिसच्या जेरी डन्फी आणि हॅल फिशमन या अँकरांवर. मुंग्यांचं ते वाक्य इतकं रुळलंय की २०११ मध्ये ‘जेपर्डी!’ या अमेरिकन टीव्ही प्रश्नमंजुषेत वॉटसन संगणकाकडून हरताना स्पर्धक केन जेनिंग्सनं शेवटच्या उत्तराखाली तेच लिहिलं, फक्त मुंग्यांच्या जागी संगणक.
पण निव्वळ मतलबी मला पटत नाही. २००७ च्या भागात मांडीवर गरम कॉफी सांडते, तोंडून शिवी जाते, नोकरी सुटते. त्यानंतर होमरच्या मुलीच्या, लिसाच्या मदतीनं इंटरनेटवर तो खरंखरं बोलतोच ना?

कोरा_कागद: बोलतो, आणि फार चांगलं बोलतो. मग पगारात पन्नास टक्के वाढ मिळताच मुकाट परत जातो. म्हणूनच मी त्याला बावळट म्हणत नाही. खरं काय ते त्याला कळतं, नीट मांडताही येतं. ते कधी गिळायचं, हेही त्याला कळतं.

रातकिडा: पगारवाढीचा भाग अजून पाहिला नव्हता. आता १९९० च्या ‘क्रस्टी गेट्स बस्टेड’पासून, म्हणजे तो पहिल्यांदा दिसतो तिथून, फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवून बघतो. बातम्या चालू असतानाच त्याला लॉटरी लागते तो कुठला भाग?

टेकडीवरचा: ‘डॉग ऑफ डेथ’, १९९२.