नाट्यसंस्थेच्या निधीचं काम गळ्यात पडलंय, सुरुवात कुठून करू?

आमची छोटी नाट्यसंस्था, ट्रस्ट रजिस्टर्ड आहे, यंदा कमिटीने निधीचं सगळं माझ्यावर ढकललं. आत्तापर्यंत स्मरणिकेच्या जाहिराती आणि ओळखीतले चार देणगीदार, बस्स. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेचे गठ्ठे अजून माझ्या जिन्याखाली पडलेत. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, मिळेल का?

उत्तर १: मिळतो की, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती आहेच. पण १२ए (ट्रस्टला करमाफीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) आणि सीएसआर-१ नंबर (सीएसआर घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) नसेल तर कुणी दारात उभं करत नाही. आणि एकेका प्रयोगासाठी मागू नकोस, मुलांची वर्षभराची कार्यशाळा वगैरे दाखव.

उत्तर २: अरे आधी प्रेक्षक बघ! आम्ही नाटक सुटल्यावर दाराशी वही ठेवायचो, नाव-नंबर घ्यायचो आणि मग फोन, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नाही हां, फोन, त्यातनंच दरवर्षीचे देणगीदार मिळाले. २,००० च्या वर रोख घेऊ नको, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही मग तोंड वाकडं होतं. पॅन पावती फाडतानाच घे, १०बीडी, म्हणजे देणग्यांचं आयकर खात्याला द्यायचं विवरणपत्र, भरायच्या वेळी आम्ही अख्खा मे महिना लोकांना फोन करत बसलेलो.

प्रश्नकर्ता: ८०जीची मुदत संपलीय की काय कुणास ठाऊक, फाईल जुन्या खजिनदारांच्या कपाटात आहे 😅 उद्या सीएला गाठतो.