मदत हवी आहे : मॉड्यूलला लागणारी पर्लची किमान आवृत्ती नेमकी कुठे जाहीर करावी?

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या वाचून त्यांतून शेतकऱ्याचे नाव, गाव आणि निव्वळ वजन वेगळे काढणारे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतील एक लहान मॉड्यूल (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा कोड) मी सांभाळतो. ते आता सीपॅनवर, म्हणजे पर्ल मॉड्यूल्सच्या सार्वजनिक संग्रहावर, ठेवायचे असल्याने त्याला लागणाऱ्या पर्लच्या किमान आवृत्तीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

कोडमध्ये सबस्टिट्यूशनला (मजकुरातील शोध-बदलाला) आर मॉडिफायर (मूळ मजकूर तसाच ठेवून बदललेली प्रत देणारी खूण) लावला आहे आणि ती सोय पर्ल ५.१४ पासूनची आहे. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याकडे काट्याशेजारच्या संगणकावर अजूनही सेंटओएस ६ ही जुनी लिनक्स प्रणाली आणि त्यासोबत आलेले पर्ल ५.१०.१ आहे, तिथे मॉड्यूल नुसती सिंटॅक्स एरर (वाक्यरचनेची चूक) देऊन थांबते आणि दोष जुन्या पर्लचा आहे हे समोरच्याला कळत नाही. म्हणून मेकफाइल.पीएल या बांधणीच्या फाइलमध्ये मिन_पर्ल_व्हर्शन ५.०१४ (म्हणजेच ५.१४) असे नोंदवले आहे. त्यामुळे ही अट मॉड्यूलची माहिती देणाऱ्या मेटा फाइलमध्ये उतरते, बांधणीआधीच स्पष्ट नकार मिळतो आणि सीपॅन टेस्टर्सच्या (सीपॅनवरील मॉड्यूल्स तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या) अहवालात जुन्या पर्लसमोर ‘फेल’ऐवजी ‘एनए’ (लागू नाही) असा शेरा येतो. इथपर्यंत सारे ठीक आहे.

मात्र काही जण मॉड्यूलची फाइल थेट उचलून आपल्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि त्यांच्यापर्यंत मेकफाइल पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी मॉड्यूलच्या पहिल्याच ओळीत ‘यूज ५.०१४’ लिहावे, तर ती ओळ केवळ आवृत्ती तपासून थांबत नाही. ती स्ट्रिक्ट ही कडक तपासणी सुरू करते (त्याचे स्वागतच आहे) आणि युनिकोड_स्ट्रिंग्ज हे, सुट्या बाइट्सनाही युनिकोड अक्षरांचे नियम लावणारे, फीचरही चालू करते. आमच्याकडे पावतीचा मजकूर डिकोड न केलेल्या (अक्षरांत न बदललेल्या) यूटीएफ-८ बाइट्सच्या रूपात येतो. ‘ठ’ या अक्षराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ए० आहे आणि हे फीचर चालू असताना रेगेक्समधला (मजकुराचे नमुने शोधणाऱ्या सूत्रातला) मोकळ्या जागेसाठीचा एस वर्ग त्याला मोकळी जागा समजतो. परिणामी गावाच्या नावामागची मोकळी जागा छाटताना ‘पेठ’ या तालुक्याच्या नावाचा शेवटचा बाइटही छाटला जातो. चाचणीत ‘निफाड’ आणि ‘सिन्नर’ सुखरूप राहिले, ‘पेठ’ तेवढे मोडले.

मजकूर आधी डिकोड करणे हाच खरा उपाय आहे, हे मला मान्य आहे. परंतु आजवर बाइट्स देणाऱ्या सर्व वापरकर्त्यांना त्यासाठी आपापला कोड बदलावा लागेल, आणि तो बदल मला आवृत्तीच्या घोषणेच्या आडून त्यांच्यावर लादायचा नाही. बिगिन ब्लॉकमध्ये (कंपाइल होतानाच चालणाऱ्या भागात) ‘रिक्वायर ५.०१४’ लिहिले तर तपासणी कंपाइलच्या वेळीच होते आणि फीचर्स मात्र चालू होत नाहीत. ही रीत सीपॅनवर शिष्टसंमत मानली जाते का, की ‘यूज ५.०१४’ लिहून खाली ‘नो फीचर’ने युनिकोड_स्ट्रिंग्ज बंद करणे अधिक वाचनीय ठरेल?

दुसरे असे की, माझ्या चाचण्या ५.१६.३ आणि ५.३४ वरच झाल्या आहेत. अशा वेळी वाक्यरचनेला पुरेशी असलेली ५.१४ जाहीर करावी, की जिथे चाचणी झाली आहे ती ५.१६?