अल्पविलंब अपलिंक: उत्तराची वाट पाहावी, की आधीच जास्त प्रती पाठवाव्यात?

अर्धमात्रा (चर्चाप्रस्ताव)
उपकरणाकडून बेस स्टेशनकडे निघालेले ३२ बाइटचे पॅकेट १ मिलिसेकंदाच्या आत पोहोचावे आणि लाखात एकापेक्षा अधिक वेळा चुकू नये, असे उद्दिष्ट ५जीच्या अतिविश्वासार्ह, अल्पविलंब सेवेपुढे ठेवलेले आहे. माझे मत असे की या कामासाठी हार्कवर, म्हणजे ‘चुकले तर कळवा, मग पुन्हा पाठवतो’ या पद्धतीवर, विसंबूच नये. ४जीच्या एफडीडी (दोन्ही दिशांना वेगवेगळ्या वारंवारता) अपलिंकमध्ये, म्हणजे उपकरणाकडून बेस स्टेशनकडच्या दिशेत, ४ मिलिसेकंदांनी ॲक (मिळाले) किंवा नॅक (चुकले) येई आणि आणखी ४ मिलिसेकंदांनी पुनर्प्रेषण होई. ५जीत हे ठरलेले वेळापत्रकही गेले आणि उत्तरासाठीची स्वतंत्र वाहिनीही गेली. आता पुनर्प्रेषण हवे असेल तर बेस स्टेशनला नवे ग्रँट (पाठवण्याची परवानगी) पाठवावे लागते. ते ग्रँटच उपकरणाला वाचता आले नाही, तर पुढचे सारे व्यर्थ. ते हमखास वाचता यावे म्हणून सेलच्या कडेला असलेल्या उपकरणासाठी कंट्रोल चॅनेलचा (अशा सूचना नेणाऱ्या वाहिनीचा) मोठा वाटा खर्ची घालावा लागतो. त्यापेक्षा कॉन्फिगर्ड ग्रँट (आधीच ठरवून दिलेली परवानगी) देऊन ठेवावे आणि २, ४ किंवा ८ प्रती उत्तराची वाट न पाहता पाठवू द्याव्यात.

खुंटी
प्रस्ताव कागदावर नेटका दिसतो, परंतु तो टीडीडीत (एकाच वारंवारतेवर दोन्ही दिशा आळीपाळीने) तपासून पाहावा. उपवाहकांमधील ३० किलोहर्ट्झ अंतराला स्लॉट (प्रेषणाचा कालखंड) अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. पाच स्लॉटच्या आवर्तनात पहिले तीन डाउनलिंकचे (बेस स्टेशनकडून उपकरणाकडे), चौथा मिश्र आणि शेवटचा अपलिंकचा, अशी रचना असेल तर अपलिंकचा पूर्ण स्लॉट २.५ मिलिसेकंदांतून एकदाच येतो. स्लॉटमागून स्लॉट अशा ४ प्रती मागितल्या, तर डाउनलिंकच्या स्लॉटमध्ये पडणाऱ्या प्रती गाळल्या जातात आणि चारांपैकी एखादीच हवेत जाते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. चार प्रतींची विश्वासार्हता मोजताना आपण नकळत चार अपयशे परस्परांपासून स्वतंत्र धरतो; दहांत एक चुकत असेल तर चारही चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा तो हिशेब. मात्र ४ गिगाहर्ट्झला चालत्या माणसाच्या वेगाने डॉप्लर (हालचालीमुळे होणारा वारंवारतेतील बदल) ११ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे एका मिलिसेकंदात चॅनेल जवळपास जागचा हलत नाही. पहिली प्रत संकेत क्षीण होण्याच्या ज्या खड्ड्यात पडली, त्याच खड्ड्यात उरलेल्या तीनही पडतात. चौपट ऊर्जा मिळते, म्हणजे ६ डेसिबल, हे मान्य. विविधता, म्हणजे वेगळ्या परिस्थितीत दुसरी संधी, मिळत नाही. उलट बेस स्टेशनला चूक कळली, तर ते पुनर्प्रेषणासाठी दुसरी वारंवारता आणि अधिक सोशिक मॉड्युलेशन (संकेतावर माहिती बसवण्याची पद्धत) निवडू शकते. शिवाय शंभरात एकच पॅकेट चुकत असेल, तर हार्कला सरासरी १.०१ प्रेषणे पुरतात आणि तुम्हाला मात्र नेहमीच चार लागतात.

शून्यवेळ
दोघेही गृहीत धरत आहात की बेस स्टेशनला चूक कळते. कॉन्फिगर्ड ग्रँटमध्ये खरी अडचण तिथेच आहे. उपकरण पाठवते, टायमर सुरू करते आणि तो संपेपर्यंत पुनर्प्रेषणाचे ग्रँट आले नाही तर पॅकेट पोहोचले असे मानते. समजा, बेस स्टेशनला पॅकेटसोबतचा संदर्भ संकेतही (आधीच ठाऊक असलेला नमुना) ओळखू आला नाही. मग कोणी काही पाठवले होते, हेच त्याला ठाऊक नसते. इकडे मौनाचा अर्थ होकार लावला जातो आणि पॅकेट बिनबोभाट हरवते. विनापरवाना पट्ट्यांसाठी ५जी मानकांच्या १६व्या आवृत्तीत याच्या नेमका उलट अर्थ ठरवलेला आहे: तिथे स्पष्ट उत्तर देण्याची सोय आहे आणि ते वेळेत आले नाही तर उपकरण स्वतःहून पुन्हा पाठवते. एकाच मौनाचे दोन अर्थ लावणारी ही मानके वाचताना पहिल्यांदा माझाही गोंधळ उडाला होता.

अर्धमात्रा
@खुंटी, टीडीडीचा मुद्दा स्लॉटनिहाय प्रतींपुरता मला मान्य आहे. मात्र १६व्या आवृत्तीतील पुनरावृत्तीच्या ‘बी’ प्रकारात प्रती एकाच स्लॉटमध्ये पाठोपाठ बसतात; दोन सिम्बॉलच्या (सिम्बॉल म्हणजे स्लॉटचा चौदावा भाग) चार प्रतींना १४ पैकी ८ सिम्बॉल पुरतात. खड्ड्याचे उत्तर वारंवारता बदलत जाणे हे आहे आणि ती सोय प्रतींनाही उपलब्ध आहे. राहिला सरासरीचा हिशेब. ज्या कामात मुदत चुकली की पॅकेट निरुपयोगी ठरते, तिथे सरासरीने काय साधणार? तुमच्याच टीडीडी रचनेत नॅकनंतरचे पुनर्प्रेषण पुढच्या अपलिंक स्लॉटपर्यंत थांबेल. म्हणजे मुदत संपून गेल्यावर पोहोचेल.

@शून्यवेळ, तुमचा आक्षेप मला खोडता येत नाही. प्रती वाढल्या की निदान एकीचा तरी सुगावा लागण्याची शक्यता वाढते, एवढेच म्हणू शकतो.

खुंटी
मुदत एका मिलिसेकंदाची आणि रचना टीडीडीची असेल तर तुमचे बरोबर, हे मान्य करतो. एफडीडीत मात्र जलद क्षमतेच्या उपकरणाला ग्रँट वाचून तयारी करायला ३० किलोहर्ट्झवर साडेपाच सिम्बॉल, म्हणजे सुमारे ०.२ मिलिसेकंद, लागतात. बेस स्टेशनही तितकेच चपळ असेल, तर दोन सिम्बॉलच्या प्रेषणानंतर एक पुनर्प्रेषण मुदतीत बसते. तिथे सरसकट चार प्रती पाठवणे ही उधळपट्टीच आहे.

शून्यवेळ
नियमित कालांतराने येणाऱ्या पॅकेटांपुरते माझ्या आक्षेपाला उत्तर आहे. संदेश नेमका कधी यायचा हे बेस स्टेशनला आधीच ठाऊक असेल, तर त्या क्षणी काहीच न ऐकू येणे हाच त्याच्यासाठी नॅक ठरतो आणि ते लगेच ग्रँट पाठवू शकते. आणीबाणीचा इशारा मात्र वेळ ठरवून येत नाही, आणि प्रस्तावात सुचवलेल्या आंधळ्या प्रती मी फक्त त्याच्यासाठीच राखून ठेवीन.