मदत हवी आहे: स्ट्रॉबेरीची फुलं थांबली, नुसते रनर (ज्यांवर नवी रोपं धरतात त्या लांब दोऱ्यांसारख्या फांद्या) सुटलेत. कापू की ठेवू?

नमस्कार मंडळी, पुण्यात गच्चीवर कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावलीय, विंटर डॉन जातीची, ऑक्टोबरमध्ये वाईकडून रोपं आणली होती. थंडीत मस्त फळं आली. आता मार्च लागला, ऊन चटकायला लागलं आणि फुलं जवळजवळ बंदच, उलट सगळ्या कुंड्यांतून लालसर रनर खाली लोंबतायत.

सगळे सांगतात रनर झाडाचं अन्न खातात, कापले की ताकद फळाला जाते. म्हणून निम्म्या कुंड्यांचे रनर दिसले की कापत गेले आणि निम्म्या तशाच ठेवल्या. कापलेल्या कुंड्या भरगच्च झाल्यात, पानं मोठी, बुडाशी नवीन फुटवे, पण फुलं काही जास्त नाहीत! मग ती ताकद गेली कुठे? भांडण नुसतं अन्नाचं आहे की अजून काही?

दुसरं म्हणजे रनर नीट बघितला तर पहिलं पेर रिकामं, दुसऱ्या पेरावर पानांचा झुबका आणि खाली मुळांची टोकं, मग परत एक रिकामं, मग परत रोप. पुढच्या वर्षासाठी यातलं कुठलं धरू? की सरळ पिकलेल्या फळाचं बी पेरू? ही झाडं मला खरंच टिकवायचीत, प्लीज ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद १
ताई, प्रयोग चांगला केलात, निम्म्या तशाच ठेवल्या म्हणून तर फरक दिसला. अन्नाचं भांडण आहेच, पण त्याआधी डोळ्याचं आहे. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा म्हणजे बारीक कोंब असतो, त्याचा एकतर रनर होतो, नाहीतर नवा फुटवा म्हणजे क्राऊन, किंवा तो झोपून राहतो. फुलांचा तुरा क्राऊनच्या शेंड्यातून येतो, त्यामुळे जो डोळा रनर झाला तो फुलांच्या हिशोबातून गेलाच. आणि काय व्हायचं हे बरंचसं दिवसाची लांबी आणि तापमान ठरवतं, दिवस लहान आणि थंडी असेल तर फुलं, दिवस मोठा आणि गरमी असेल तर रनर. तुम्ही कापलेत तेव्हा ताकद क्राऊन आणि पानांत गेली, पण त्या क्राऊनना फुलायचा इशारा मार्चच्या उन्हात कुठून मिळणार? हेच काम डिसेंबरात केलं तर फळात फरक दिसू शकतो. रोपं बनवणारे बरोबर उलटं करतात, मदर प्लांटची फुलं खुडून टाकतात म्हणजे सगळा जोर रनरवर.

बी अजिबात नको. आपली स्ट्रॉबेरी मुळातच संकर आहे, उत्तर अमेरिकेची एक आणि चिलीची एक अशा दोन जातींचा, 18 व्या शतकात युरोपात झालेला, वर गुणसूत्रांचे 8 संच. त्यामुळे बियांतून येणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं, विंटर डॉन हवी तर रनरच. फक्त आईला व्हायरस असेल तर तो रनरमधून पिल्लांत उतरतो, म्हणून पानं आकसलेल्या, पिवळ्या पडलेल्या झाडाचं रोप धरू नका.

प्रतिसाद २
मी क्राऊनला सगळ्यात जवळचं रोप धरते, ते आधी तयार होतं आणि मजबूत असतं. शेजारी छोटी कुंडी ठेवून पेर मातीवर टेकवायचं, तारेच्या आकड्याने दाबायचं, मुळं धरेपर्यंत नाळ कापायची नाही. त्याच्या पुढचा शेंडा मात्र खुडा, नाहीतर पुढची पिल्लं वाटेकरी होतात.

धागाकर्ती
दोघांचेही खूप खूप आभार! म्हणजे आता रनर कापायची घाई नको, निरोगी झाडांचे ठेवते आणि बाकीचे काढते. पावसाळ्यात ही पिल्लं कुठे ठेवता? आमच्या गच्चीवर पाऊस थेट येतो.

प्रतिसाद २
पत्र्याखाली, पण उजेड हवा. क्राऊन मातीच्या वर राहू द्या, पुरला गेला की कुजतो. जूनच्या आधीच कुंडीची खालची भोकं मोकळी आहेत ना बघून घ्या.