'एक्सपोजर'ला मराठीत काय म्हणायचं? 'विषबाधा' नको

कापसाच्या पट्ट्यातल्या गावांसाठी कीटकनाशकं आणि आरोग्य यावरचा एक अहवाल मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. पेपरवाले सरसकट 'विषबाधा' लिहितात, पण ती पुढची पायरी झाली ना. पाठीवरचा पंप गळतोय, सदरा मागून ओला झालाय, माणूस मात्र ठणठणीत आहे, हे एक्सपोजर झालं, बाधा अजून नाही. 'संबंध' लिहू का?

प्रतिसाद : 'संबंध' नका वापरू ताई, तो शब्द पुढे लागेल. 'फवारणी आणि आजार यांत संबंध दिसला' म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या एवढंच, फवारणीमुळेच आजार झाला असं ठरायला अजून बरंच काही लागतं. एकच शब्द दोन्हीकडे आला तर वाचणाऱ्याचा घोळ होणार. 'संपर्क' बरा, पण नुसता तोही अपुरा, कारण लोकांना वाटतं हाताला लागलं तरच संपर्क, श्वासातून गेलं ते कोण धरतं? किती, कशातून, किती दिवस हे सोबत लिहाच.

प्रतिसाद : मी विदर्भातलाच, घरी कापूस. आमच्याकडे कीटकनाशक कोणी म्हणत नाही, 'औषध मारलं' म्हणतात. 'विषारी रसायनांशी संपर्क आला का' विचारलं तर माझे काका सरळ 'नाही' म्हणतील, आणि 'यंदा औषध किती वेळा मारलं' विचारलं की तारखेनिशी सांगतील. म्हणजे शब्द चुकला की आकडाच चुकला, मग अभ्यासात फवारणारे आणि न फवारणारे एकाच रकान्यात जातात आणि 'फरक आढळला नाही' असा निष्कर्ष निघतो. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, तेव्हापासून मला 'पुरावा नाही' हे वाक्य वाचवत नाही, नीट शोधला का ते आधी सांगा.

प्रतिसाद : 'नॉर्मल'वरही एक टीप टाका. ऑर्गनोफॉस्फेट या गटातली कीटकनाशकं रक्तातलं कोलिनेस्टरेज (नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम) कमी करतात, पण ते मुळातच माणसागणिक कमीजास्त असतं. त्यामुळे हंगामाआधीची तपासणी नसेल तर फवारणीनंतरच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' असलं तरी त्या माणसाचं घसरलेलं असू शकतं.

मूळ प्रश्नकर्ती : मग अहवालात 'कीटकनाशकाचा संपर्क (अंगावर, श्वासातून, पोटातून)' आणि प्रश्नावलीत 'औषध कधी, किती वेळा मारलं, कपडे ओले झाले का'. दादा, काकांना एकदा वाचून दाखवाल का?