इंग्लंडातल्या पाटीवर हैदराबाद कसं काय?

परभणीकर७२:
राम राम मंडळी. पुतण्या इंग्लंडला असतो, डॉर्सेटकडं फिरताना त्यानं एका स्मारकाच्या पाटीचा फोटो टाकला घरच्या ग्रुपवर. पाटी महायुद्धातल्या फायटर विमानवाल्यांची अन् त्यावर चक्क '१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन' लिहिलंय, वर कायतरी कोरलंय, मला वाटलं मुकुट असंल, झूम केलं तर पगडी दिसायली. हे आपलं हैदराबाद का सिंधातलं? आपली माणसं होती का त्यात?

गोदाकाठ:
आपलंच. ती निजामाची दस्तार, स्क्वाड्रनच्या बिल्ल्यावरच आहे. बोधवाक्य 'फेथफुल अलाय', म्हणजे इमानी दोस्त, इंग्रजांनी त्याला दिलेला किताबच तो. देणगी निजाम मीर उस्मान अलीची म्हणून नाव हैदराबाद, पण स्क्वाड्रन ब्रिटिश हवाई दलाचं. १९४० मधी वॉर्मवेलहून स्पिटफायर उडवून पोर्टलंडचं नौदलाचं बंदर राखायचे. पुढं आफ्रिका, सिसिली, इटली करत हेच लोक ब्रह्मदेशच्या लढाईत आले, तिथं विमानांवर झेप घेणारा काळा पँथर रंगवलेला असायचा. लई भारी दिसतो फोटोत.

उदगीरचा_पाव्हणा:
निजामाची देणगी म्हणं! मराठवाड्याचे पाच जिल्हे आपले त्याच्याच राज्यात, सारा भरायचा आपल्या पणज्यानं अन् पगडी कोरायची त्याची. तेव्हा एका स्पिटफायरच्या देणगीचा भाव ५,००० पौंड धरायचे, करा हिशोब किती पोती ज्वारी ते. पहिल्या महायुद्धात बी ११० नंबरच्या स्क्वाड्रनला फायटर विमानं यानंच दिली होती.

गोदाकाठ:
ती फायटर नाही, बॉम्बर होती, डीएच-९ए. त्यातलं एक १९१८ ला जर्मनांच्या हाती लागलं, ते अजून शाबूत आहे, ब्रिटिश हवाई दलाच्या म्युझियमकडं. सर्फ-ए-खासचा, म्हणजे निजामाच्या खाजगी जमिनींचा, पैसा वेगळा अन् सरकारी खजिना वेगळा, पण दोन्हीकडं शेवटी सारा शेतकऱ्याचाच, तिथं तुमचं बरोबर. मरणारी पोरं मात्र विशी-बाविशीतली होती, त्यांच्यावर कशाला राग.

परभणीकर७२:
पोरांवर राग नाहीच. आमच्या ट्रंकेत पणजोबाच्या साऱ्याच्या पावत्या आहेत उर्दूतल्या, आकडे बी उर्दूच. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुलाचं, असतंय ना? १९४० ची कोणती धरायची?

गोदाकाठ:
५९० वजा करा. १३४९ नाहीतर १३५० बघा, साल ऑक्टोबरात बदलायचं.

परभणीकर७२:
१३४९ ची दिसायली एक, कोपरा वाळवीनं खाल्लाय. रक्कम वाचता येईना, फोटो टाकतो, कुणाला उर्दू येत असंल तर सांगा.