प्रभू पुन्हा येणार, मग आज आजाऱ्याला काय सांगायचं?

जुना_नगरी (धागाकर्ता)

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. उपदेशाचा विषय ठरलेला: प्रभू येशू आला होता आणि प्रभू पुन्हा येणार आहे. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर बाहेर चहाच्या टेबलाशी वाद पेटला, तो इथे टाकतो.

मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका काकूंना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. एक गट म्हणतो, उपवास-प्रार्थना करा, बरं होण्याचा दावा करा, दुसरं काही तोंडातून काढूच नका. दुसरा म्हणतो, आता त्यांना बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, २१ वा अध्याय वाचून दाखवा, जिथे देव डोळ्यांतले अश्रू पुसून टाकतो आणि मरण उरत नाही.

मी दुसऱ्या गटात. कारण थेस्सलनीका. इ.स. ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने या ग्रीक शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं, ते बायबलमध्ये आहे. तिथल्या लोकांना वाटत होतं, प्रभू आपल्या हयातीतच येणार. मग त्यांच्यातलीच काही माणसं वारली आणि उरलेले हबकले. गेलेल्यांचं काय? ती मुकली का? पौल सांगतो, ती आधी उठतील, मग जिवंत असलेले, आणि पुढे सगळे बरोबर. रडू नका असं तो म्हणत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं रडू नका म्हणतो.

दाव्यात एक मेख आहे. तो फसला की खापर आजाऱ्याच्याच माथी: तुमचा विश्वास कमी पडला. पुनरागमनाच्या आशेत आजाऱ्याला काहीही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

तर्कट

सिद्ध करायचं नसतं कारण ते सिद्ध होऊच शकत नाही! 'लवकर येतो' म्हणून दोन हजार वर्षं होत आली. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच थट्टेखोर विचारतात, कुठे गेलं त्याच्या येण्याचं वचन? उत्तर काय, तर प्रभूला हजार वर्षं एका दिवसासारखी. बिल्डरने ताबा देताना असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही रेरात गेला असता.

आणि लोकांचं नुकसान होतं त्याचं काय? अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभू येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी शेतातले बटाटेसुद्धा काढले नाहीत, आता कशाला लागतायत म्हणून. रात्र सरली, कुणी आलं नाही, माणसं पहाटेपर्यंत रडत बसली. बरं, त्यातून जग शिकलं का? २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन उपदेशकाने रेडिओवरून २१ मे सांगितली, ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर. याला तुम्ही मनाचं औषध म्हणता?

सातवा_दिवस

मिलरचं नाव निघालंय तर मला बोलायलाच हवं, मी ॲडव्हेंटिस्ट आहे, म्हणजे त्याच चळवळीतून निघालेल्या चर्चचा. तर्कटराव, तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. १८४४ नंतर बरेच जण पांगले हे खरं. जे टिकले त्यांच्यातल्या एका गटातून १८६३ मध्ये आमचं चर्च रीतसर उभं राहिलं. त्यांनी लगेच काय केलं, तर १८६६ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आरोग्यसंस्था काढली. (कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग पुढे तिथलेच.) जग आज-उद्या संपणार असं मानणारी माणसं रुग्णालय का बांधतील?

कारण आमच्या मते माणूस मेल्यावर आत्मा भुर्रकन उडून जात नाही. पुनरुत्थानापर्यंत तो निद्रेत असतो आणि उठतो तो देहासकट. ज्या देहाला देव उठवणार आहे तो आज कुजत ठेवणं म्हणजे देवाच्या वस्तूची हेळसांड. तारीख मात्र आता आम्ही काढत नाही. मार्क १३:३२ मध्ये येशू स्वतः म्हणतो की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. तिथे मिलर कोण आणि कॅम्पिंग कोण.

हालेलुया_७७

जुना_नगरी, राग मानू नका, पण तुम्ही त्या काकूंना जिवंतपणीच पुरताय. यशया ५३ वाचा, प्रभूला बसलेल्या माराने आपल्याला आरोग्य मिळालं आहे. इब्री १३:८ वाचा, येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय ओरडत होता, तेव्हा प्रभू म्हणाला का, बाबा रे, शेवटच्या दिवशी बघू? त्याच जागी दृष्टी दिली! तुम्ही सगळं बरं होणं पुनरागमनावर ढकललंत तर शुभवर्तमानातली अर्धी पानं फाडावी लागतील. मी स्वतः चंगाई सभेत, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेत, उठून चालणारी माणसं पाहिली आहेत.

वॉर्ड_नं_चार

मीही पाहिली आहेत, फक्त आठवड्यानंतरची. मी नर्स आहे, ख्रिस्ती आहे, रोज रात्री स्तोत्र ९१ म्हणून झोपते.

आमच्याच नात्यातला माणूस, पंचावन्नच्या आसपासचा, शुगर भयंकर. सभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवला, याने स्टेजवर जाऊन साक्ष दिली की मी मुक्त झालो. आता सुई टोचून घेणं म्हणजे दिलेल्या साक्षीला खोटं पाडणं, म्हणून फ्रीजमधलं इन्सुलिन शेजाऱ्यांना देऊन टाकलं. टाचेला छोटी जखम होती. माझ्याकडे आणला तेव्हा मोजा पायाला चिकटलेला, सलाईनने भिजवून भिजवून सोडवावा लागला. गुडघ्याखाली पाय गेला. तरी हा विचारतोय, सिस्टर, मी कुठे कमी पडलो?

हालेलुया भाऊ, पौलाला विचारा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो म्हणतो, त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. पौल! ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे. त्याला सोबत्याला आजारी ठेवून पुढे जावं लागलं आणि त्याने ते सरळ लिहून टाकलं. त्याच तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असंही सांगितलं. म्हणजे औषधच की.

मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय सुरू केलं, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे.

तर्कट

नर्सताईंना सलाम. पण ताई, पाय गेला तो विश्वासापायीच ना? तुमचा विश्वास सौम्य, त्याचा कडक, एवढाच फरक.

वॉर्ड_नं_चार

नाही हो. त्याला आजच निकाल हवा होता, मला नकोय. माझं पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायावर भागतं: सगळी सृष्टी कण्हते आहे आणि आपणही देहाच्या सुटकेची वाट पाहत कण्हतो. रात्रपाळीत माणसं कण्हतात तेव्हा मला ती देवाने टाकलेली वाटत नाहीत. एवढ्या बळावर ड्युटी करता येते. तुम्हाला याशिवाय करता येत असेल तर आनंद आहे, आमच्याकडे तशाही सिस्टर आहेत आणि कामाला चोख आहेत.

वसईची_सून

आम्हा कॅथलिकांकडे आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार असतो. पूर्वी फादर तेल घेऊन आले म्हणजे खेळ आटोपला असंच लोक समजायचे, त्यामुळे बोलवायलाच घाबरायचे. १९६० च्या दशकात आमच्या चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिच्यानंतर तो गंभीर आजारी असलेल्या कुणासाठीही आहे, केवळ मरणाऱ्यासाठी नाही.

सासूबाईंना तेल लावलं. त्या बऱ्या झाल्या नाहीत. पण फादर गेल्यावर त्यांनी दोन्ही दिरांना बोलावून घेतलं. वाडीच्या हिश्श्यावरून त्यांचं बोलणं बंद होतं. म्हणाल्या, तिकडे तुमच्या बाबांना मी काय तोंड दाखवू, कागद आणा. कागद आले, सह्या झाल्या. आजार तसाच राहिला, घर मात्र बरं झालं. तर्कट यांना हे मानसशास्त्र वाटेल, वाटू दे.

गावकुसाबाहेर

सगळे काकूंच्या उशाशी बसलेत, म्हणून जरा बाहेरचं बोलतो. नगर जिल्ह्यातले आम्ही बहुतेक ख्रिस्ती कुठल्या वस्त्यांमधून आलो हे सगळ्यांना माहीत आहे. तीन पिढ्या ऐकतोय, प्रभू येईल तेव्हा न्याय होईल. तोवर काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. मोर्च्याला या म्हटलं की मंडळीतले वडीलधारे म्हणतात, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. ही आशा आजाऱ्याला बरं करत असेल, आमच्या समाजाला मात्र तिने भूल दिलीय.

जुना_नगरी

हा घाव बरोबर जागी बसला. वडीलधाऱ्यांची बाजू घेत नाही. पण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सलग वाचा, मधूनमधून नको. सुरुवातीला काय आहे? शेत कापणाऱ्या मजुरांची बुडवलेली मजुरी ओरडते आहे आणि तिची ओरड देवाच्या कानी गेली आहे. लगेच पुढे, प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा. आणि त्याच अध्यायात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा. मजुरी, पुनरागमन, तेल, सगळं एका पानावर. आपल्या उपदेशकांनी मधलं आणि शेवटचं ठेवलं, पहिलं गाळलं. येणारा न्यायाधीश म्हणून येतो, ही मजुरी बुडवणाऱ्याला धमकी आहे. ती आपण मजुरालाच गप्प करायला वापरली.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी ही आशा धरून मुलींना स्वर्गाची वाट बघत बसवलं नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींना छापखान्यात, मागावर कामाला लावलं. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. तरी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतःही गेल्या.

गावकुसाबाहेर

रमाबाई ठीक. पण पुढच्या आगमनकाळात याकोब ५ च्या पहिल्या सहा ओव्यांवर उपदेश करायला तुमचे पाळकसाहेब तयार आहेत का, ते विचारून इथे लिहा. मग बोलू.

हालेलुया_७७

नर्सताई, इन्सुलिन बंद करा असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि आमच्या सभेत कुणी सांगितलं तर उभा राहून विरोध करेन. त्रफिमाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आज, आत्ता, बरं कर म्हणायचं मी सोडणार नाही. प्रभूने नकार द्यायचा असेल तर तो देईल, त्याच्या वतीने मी आधीच का देऊ?

तर्कट

हात खुशाल ठेवा. तेवढं सभेच्या पोस्टरवर 'आंधळे पाहतील, लंगडे चालतील' छापणं बंद करा. आणि साक्ष स्टेजवर त्याच रात्री घेऊ नका, सहा महिन्यांनी रिपोर्ट घेऊन बोलवा.